हाताने धुणं: कपडे कडक, कळकट आणि वासट का होतात आणि ते कसं टाळावं

इंदूरमध्ये भंवरकुआला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा माझा भाचा दर रविवारी आमच्याकडे सुदामा नगरला जेवायला येतो. परवा आला तेव्हा अंगातल्या काळ्या टी-शर्टवर पांढरे ओघळ होते, बनियनची कड पिवळट झाली होती, आणि टॉवेल म्हणे असा खरखरीत झालाय की अंग पुसताना ओरखडे येतात. "मावशी, पावडर तर चांगली दोन मुठी टाकतो, घासतोही भरपूर," तो म्हणाला. दोन मुठी पावडर निघायला किती पाणी लागतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मशीन बिघडलं किंवा धुण्याची बाई गावाला गेली की आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हेच होतं. सगळा जोर घासण्यावर. डाग मात्र भिजवतानाच पक्का झालेला असतो आणि साबण शेवटी कापडातच राहतो. म्हणून खाली घासण्याबद्दल थोडं आहे, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या कामांबद्दल बरंच.

१. आधी पाणी ओळखा

इंदूरच्या बहुतेक घरांत दोन पाणी असतात: एक दिवसाआड नळाला येणारं नर्मदेचं आणि रोजच्या वापराचं बोरिंगचं. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साध्या तेलाच्या साबणाशी त्यांची गाठ पडली की दह्याच्या कवडीसारखा चिकट साका तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, कापडाच्या धाग्यांत बसतो. पांढरा कपडा राखाडी पडतो तो बऱ्याचदा या साक्यामुळे.

पाणी तपासायला एक रिकामी पारदर्शक बाटली घ्या. एक तृतीयांश पाणी भरा, अंगाच्या साबणाचे चार-पाच पातळ काप टाका आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. वर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं, तर पाणी हलकं. फेस जेमतेम आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं, तर जड. दोन्ही पाणी शेजारी शेजारी तपासा, फरक डोळ्यांना दिसेल.

पाणी जड असेल तर तीन गोष्टी पाळा. जुन्या पद्धतीच्या तेलाच्या साबणवडीऐवजी डिटर्जंट पावडर किंवा डिटर्जंटची वडी वापरा, तिला क्षारांचा त्रास कमी होतो. पांढऱ्या सुती कपड्यांच्या पाण्यात पावडरीच्या आधी एक सपाट चहाचा चमचा धुण्याचा सोडा टाकून ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. आणि नर्मदेचं पाणी थोडंच असेल तर ते शेवटच्या पाण्यासाठी राखून ठेवा. लोक नेमकं उलट करतात: नळ आला की चांगलं पाणी भिजवण्यात घालवतात, आणि बोरिंगच्या पाण्याने कपडे काढून थेट दोरीवर टाकतात. मग क्षार कापडातच वाळतात.

तुरटीबद्दल एक शब्द. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला ती कामाची आहे. जड पाणी मात्र तुरटीने हलकं होत नाही.

सावध: धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा या वेगळ्या वस्तू आहेत. धुण्याचा सोडा तीव्र असतो. रेशीम आणि लोकरीला तो अजिबात लावू नका, आणि हाताला चिरा असतील तर मोजे घाला.

२. सामान आणि जागा

दोन बादल्या आणि एक पसरट टब किंवा घमेलं एवढं पुरतं. एकाच बादलीत सगळं करणारे लोक घाण पाणी ओतून द्यायचा कंटाळा करतात आणि त्याच पाण्यात पुन्हा कपडे बुडवतात, म्हणून दुसरी बादली हवीच. मऊ केसांचा ब्रश, जुना दातांचा ब्रश, चिमटे आणि बसायला पाट. उकिडवं बसून तासभर घासलं की दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. टब एखाद्या ओट्यावर ठेवून उभ्याने काम होत असेल तर त्याहून चांगलं.

अंगठी काढा. तिच्या कोंदणात जाळीदार कापड अडकतं आणि तिच्याखाली साबण अडकून कातडी सोलते. साबणाच्या फरशीवर अनवाणी पाय घसरतो हे माहीत असूनही आपण अनवाणीच उभे राहतो. रबरी चप्पल घाला.

३. कपडे वेगळे करा

चार ढीग पुरे: पांढरे, फिके, गडद, आणि पायपुसणी-फडक्यांसारखे कळकट. रेशीम आणि लोकर यांत धरू नका, त्यांचं शेवटी सांगितलं आहे.

नवीन रंगीत कपडा पहिल्यांदा धुताना तो कच्च्या रंगाचा आहे का ते आधी बघा. आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यात मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा पहिल्या तीन-चार वेळा एकटाच धुवायचा. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून रंग पक्का होतो असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. होत नाही. उलट रात्रभर भिजून त्याच कपड्याच्या पांढऱ्या काठावर रंग उतरतो. माझ्या एका साडीच्या काठाची अशीच वाट लागली आहे.

या वेळीच खिसे उलटे करून झटका. खिशातला एक टिश्यू पेपर बादलीभर गडद कपड्यांना पांढरा कापूस लावतो, आणि तो निवडत बसण्यात अर्धा तास जातो. चेन लावा, हुक अडकवा, छापील टी-शर्ट आणि जीन्स उलट्या करा.

तपासा: प्रत्येक ढीग बादलीत घातल्यावर हात तळापर्यंत सहज जायला हवा. जात नसेल तर ढीग मोठा आहे. दहा लिटर पाण्यात पाच-सहा शर्ट, याहून जास्त नको.

४. डाग, पण भिजवण्याआधी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा. डागासकट कपडा गरम साबणपाण्यात टाकला की निम्मे डाग कायमचे होतात.

*हळद.* सकाळी जिरावन (इथला पोह्यांवर घालायचा मसाला) घातलेले पोहे खाताना शर्टावर सांडले की आधी चमच्याने किंवा कागदाने वरचं उचलून घ्या, चोळू नका. मग उलट्या बाजूने गार पाणी सोडा. साबण लावल्यावर पिवळा डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. हळदीतला रंग साबणातल्या अल्कलीने लाल दिसतो, एवढंच. साबण निघाला की परत पिवळा होतो. घाबरून ब्लीच ओतू नका. नेहमीसारखं धुवा आणि डागाची बाजू वर करून कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. पहिल्या दिवशी गेला नाही तर ओलं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. रंगीत कपड्यावर हा उपाय बेताने करा, कारण ऊन हळदीबरोबर कपड्याचाही रंग खातं.

*तेल.* थंडीत सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन आलं की हे ठरलेलंच. पाणी लावायच्या आधी कोरड्या डागावर टाल्कम पावडर किंवा बेसन दाबून वीस मिनिटं ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने जिरवा. दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. जिलबीच्या पाकाला यातलं काहीच लागत नाही, साध्या पाण्याने जातो.

*रक्त, दूध, अंडं.* फक्त गार पाणी. गरम पाण्याने यातली प्रथिनं शिजून धाग्याला चिकटतात. गार पाण्यात अर्धा तास, मग साबण.

*चिखल.* माळव्याची काळी माती ओली असताना चोळली तर आत शिरते. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, उरलेली गार पाण्याने काढा, आणि मगच साबण. पावसाळ्यात मुलांचे गणवेश धुताना या एका गोष्टीने निम्मी मेहनत वाचते.

*बॉलपेनची शाई.* खाली जुनं फडकं ठेवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझरमध्ये कापूस बुडवून डागावर टिपत राहा आणि फडक्याची जागा बदलत राहा. चोळलं तर डाग पसरतो.

*गंजाचे ठिपके.* लोखंडी तारेने किंवा बोरिंगच्या पाण्यातल्या लोहाने येतात. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच लावलं तर गंज आणखी पक्का होतो.

*बगलेतला पिवळेपणा.* घाम आणि डिओडरंट मिळून होतो. ब्लीचने तोही गडद होतो. खायच्या सोड्याचं दाटसर वाटण लावून अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासा. जुना असेल तर दोन-तीन धुण्यांत हळूहळू कमी होतो.

*रंगपंचमी.* राजवाड्याच्या गेरमधून, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतून, परत आलेल्याला थेट न्हाणीघरात जाऊ देऊ नका. कपडे कोरडे असतील तर आधी अंगणात झटकायचे. मग वाहत्या गार पाण्याखाली, रंग उतरायचा थांबेपर्यंत, साबणाशिवाय. गरम पाणी नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही कपड्याबरोबर नाही. एवढं करूनही पांढरा कुर्ता पांढरा होईल अशी आशा ठेवू नका. गेरचा कुर्ता वेगळाच ठेवावा.

सावध: ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना, पाण्यात पातळ करून. रेशीम-लोकरीचे धागे त्याने विरतात. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि छोट्या न्हाणीघरात तो फार लवकर कोंडतो.

५. भिजत घालणं

आधी पाणी, मग पावडर, मग कपडे. हा क्रम बदलला की पावडर कपड्यांच्या घड्यांत अडकते आणि काळ्या टी-शर्टवर भाच्यासारखे पांढरे ओघळ येतात. दहा लिटर पाण्याला पोह्याचे दोन चमचे पावडर, फार मळके असतील तर तीन. हाताने ढवळून तळाशी एकही खडा उरला नाही हे बघा.

फेसावर जाऊ नका. फेस म्हणजे स्वच्छता असं आपल्या डोक्यात बसलं आहे, पण कपडे निघाल्यावर तो फेस काढायला प्रत्येक वेळी बादलीभर पाणी लागतं.

वेळ: रंगीत कपडे दहा-पंधरा मिनिटं, पांढरे सुती अर्धा तास, फार मळके गणवेश फार तर तासभर. पांढऱ्या सुती कपड्यांना हाताला सोसेल इतकं गरम पाणी चालतं, बाकीच्यांना साधं. रात्री भिजवून सकाळी धुणं ही सवय मोडा. मेच्या उकाड्यात आठ तासांत पाणी आंबतं, निघालेला मळ परत कापडावर बसतो आणि तो वास पुढच्या धुण्यापर्यंत जात नाही.

एकाच साबणपाण्यात दोन ढीग काढता येतात: आधी पांढरे, मग फिके. गडद कपड्यांना पाणी बदला, आणि त्यांचं उरलेलं पाणी फडक्यांना. तिथून पुढे ते अंगण किंवा संडास धुवायला चालतं. कुंड्यांना मात्र घालू नका.

तपासा: कपडे घातल्यावर लगेच पाण्याला रंग आला तर त्या क्षणी सगळे बाहेर काढा आणि दोषी कपडा वेगळा करा. लागलेला रंग ओला असेपर्यंतच निघण्याची आशा असते.

६. घासणं

पूर्ण कपडा घासायची गरज नसते. मळ कॉलरच्या आतल्या घडीत, कफवर, बगलेत आणि पँटच्या खालच्या कडेला असतो. तिथे वडी फिरवा, मऊ ब्रशने विणीच्या दिशेने आठ-दहा हात मारा. बाकीचा कपडा टबात पीठ मळतो तसा दोन्ही हातांनी दाबायचा, उलटायचा, पुन्हा दाबायचा. साबणपाणी कापडातून आरपार गेलं की मळ निघतो.

मोगरी फक्त चादरी आणि जाड टॉवेलांसाठी. शर्टाला लावली की बटणं जातात. दगडावर आपटणं सोडूनच द्या, कपडा विरतो आणि शेजारच्यांची दुपारची झोपही मोडते.

जीन्स फरशीवर सपाट पसरून ब्रशने घासा. टेरिकॉट आणि लायक्रा हलक्या हाताने, ब्रशने त्यांवर गोळे येतात.

७. खळबळणं

हे नीट करा, बाकी थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल.

घासलेले कपडे आधी टबातच दाबून साबणपाणी काढा. मग आठ लिटर पाण्यात खळबळा, बाहेर काढा, पुन्हा दाबा. असं तीनदा. प्रत्येक वेळी मध्ये पिळणं का, त्याचा हिशोब सोपा आहे. पिळलेल्या कपड्यांत दोन लिटर साबणपाणी उरलं असं धरा. आठ लिटर स्वच्छ पाण्यात ते मिसळलं की एकूण दहा झालं, म्हणजे पुन्हा पिळल्यावर मूळ साबणाचा पाचवा हिस्सा उरला. दुसऱ्या पाण्यानंतर पंचविसावा, तिसऱ्यानंतर एकशे पंचविसावा. हेच चोवीस लिटर पाणी एकदम टाकून एकदाच खळबळलंत तर तेरावा हिस्सा उरतो. पाणी तेवढंच, साबण जवळजवळ दहापट जास्त. आणि मध्ये न पिळता चार लिटर साबणपाण्यासह कपडे पुढच्या बादलीत टाकलेत, तर तीन पाण्यांनंतरही सत्ताविसावा हिस्सा कापडात राहतो. टॉवेल खरखरीत होतो तो यानेच.

पाणी वाचवायचं असेल तर पहिल्या ढिगाचं तिसरं पाणी दुसऱ्या ढिगाचं पहिलं पाणी म्हणून वापरा. नळ येणार नसेल त्या दिवशी मी हेच करते.

तपासा: तिसऱ्या पाण्यातून कपडा काढून मुठीत दाबा. बोटांमधून निघणारं पाणी बुळबुळीत लागलं किंवा बुडबुडे आले तर चौथं पाणी द्या. फक्त बादलीतलं पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही.

८. नीळ आणि खळ

दोन्ही ऐच्छिक. नीळ आधी पेलाभर पाण्यात मिसळा, मग ते बादलीत ओता आणि ढवळा. बाटलीतून थेट कपड्यावर थेंब पडला तर निळा डाग. कपडा साबण पूर्ण निघालेला, ओला आणि उलगडलेला हवा. बुडवून मिनिटभर हलवत राहा आणि काढा. नीळ घालून बादली ठेवून फोन घ्यायला गेलं की काय होतं ते बऱ्याच जणांना माहीत आहे.

खळीसाठी एक मोठा चमचा मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात ढवळत घाला, पारदर्शक झाल्यावर गाळा आणि तीन-चार लिटर पाण्यात मिसळा. सुती साडीला एवढी पुरते. पावसाळ्याआधी कपाटात ठेवायचे कपडे मात्र बिनखळीचे ठेवा, खळीला बुरशी आणि कसर लागते.

९. पिळणं आणि वाळत घालणं

चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी. शर्टाला घट्ट पीळ देऊ नका, लांब घडी करून दाबा. लगेच वाळायला हवं असेल तर कोरड्या टॉवेलवर पसरा, गुंडाळी करा आणि त्यावर दोन मिनिटं उभे राहा.

वाळत घालायच्या आधी प्रत्येक कपडा जोरात झटका. या एका झटक्याने निम्मी इस्त्री वाचते. दोरी आधी ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात इथल्या गच्च्यांवर दोरीवर धुळीचा थर बसतो आणि धुतलेल्या कपड्यावर काळी रेघ उठते. लोखंडी तार असेल तर बदलून नायलॉनची दोरी लावा.

शर्ट आणि टी-शर्ट खालच्या कडेने टांगा, खांद्यावर चिमट्याचे कान उरत नाहीत. पँट कमरेने टांगा, खिसे बाहेर काढून. पांढरे उन्हात, रंगीत उलटे करून सावलीत. मेच्या उन्हात गडद कपडे दोन तासांत वाळतात, ते संध्याकाळपर्यंत ठेवून रंग उडवू नका. पावसाळ्यात कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि खोलीत पंखा लावा. ओलसरपणा दिवसभर राहिला की जिवाणू वाढतात आणि कुबट वास येतो. तो अत्तराने जात नाही, पुन्हा धुवावंच लागतं.

रेशीम आणि लोकर

पैठणी घरी धुवू नका. महेश्वरी रेशीम-सुती साडी रोजच्या वापरातली असेल तर गार पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य लिक्विड घालून, एकटी, न भिजवता, पाच मिनिटांत धुवून काढा. जरीचा काठ चोळायचा नाही, साडी पिळायची नाही. टॉवेलात दाबून सावलीत.

स्वेटरला धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी सारखंच कोमट हवं. गरमातून गारात टाकलं की तो आटतो. ओला स्वेटर दोरीवर टाकला तर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत लांबतो, म्हणून टॉवेलवर सपाट पसरून वाळवा.

कपडे घडी करण्याआधी कॉलर, नेफा आणि खिशाच्या जाड शिवणी बोटांनी दाबून बघा. बाकी कपडा कोरडा असला तरी या जागा ओल्या असतात. ओल्या लागल्या तर तेवढाच कपडा अजून अर्धा तास दोरीवर राहू द्या.